रात्री दोन वाजता कुठे जायचे?

महाराष्ट्रात कुठूनही १०८ लावला तर फोन पुण्यात उचलला जातो. औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात या सेवेचा नियंत्रण कक्ष आहे. पालघरच्या पाड्यावर अडलेली बाळंतीण असो, सोलापूर रस्त्यावर उलटलेला टेम्पो असो, नाहीतर डेक्कनवरच्या लॉजमध्ये छाती धरून बसलेला पाहुणा असो, हाक औंधलाच येते. २६ जानेवारी २०१४ रोजी ही सेवा सुरू झाली तेव्हा साऱ्या राज्यासाठी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यातल्या २३३ सुसज्ज, म्हणजे व्हेंटिलेटरसकट, आणि ७०४ साध्या. दहा वर्षांनी नवे कंत्राट निघाले, तेव्हा हा आकडा १,७५६ वर न्यायचे ठरले. त्या कंत्राटावरून जो गदारोळ झाला तो या पुस्तकाचा विषय नाही. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते कशाने पडले हा विषय आहे.

दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या दुप्पट झाली नाही. मग मागणी का वाढली? रुग्णवाहिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अपघात येतो, कारण रस्त्यावर सायरन वाजवत जाताना आपण तिला पाहतो. १०८ ची नोंद वेगळेच सांगते. तिच्यात सगळ्यात मोठा रकाना ‘वैद्यकीय’ या शीर्षकाखालचा आहे. ताप, धाप, छातीतले दुखणे, झटके, उलट्या-जुलाब, साखर चढणे-उतरणे, बेशुद्धी असे सगळे त्यात येते. त्याच्या खालोखाल बाळंतपणे. अपघात त्यांच्याही बरेच खाली. म्हणजे ज्या सेवेची जाहिरात आपण अपघातग्रस्ताच्या चित्राने करतो, ती चालते मुख्यतः घरातल्या आजाऱ्यांसाठी. रोजच्या आजारपणाचाच एक तुकडा सुटून ‘तातडी’च्या कप्प्यात येऊन पडला आहे. तो का सुटला, हे पाहायचे आहे.

तत्पूर्वी एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचे सगळे एकांगी होईल. या वाढीचा काही भाग चांगला आहे. वेल्ह्याच्या किंवा मुळशीच्या डोंगरातल्या वाडीवरची अडलेली बाई पूर्वी झोळीत घालून खाली आणावी लागे, आणि वाटेतच काही झाले तर त्याची नोंद कुठल्या रुग्णालयात होत नसे. साप चावलेला शेतमजूर मांत्रिकाकडे जाई. पक्षाघाताचा झटका आलेल्या आजोबांना ‘वारे गेले’ म्हणून खाटेवर ठेवत. यातली कुठलीच गोष्ट तेव्हा ‘मागणी’ नव्हती. आज फोन आहे, गाडी येते, गाडीत डॉक्टर असतो. देशातल्या बहुतेक राज्यांत अशा गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने डॉक्टर ठेवायचे ठरवले, आणि हे डॉक्टर बहुतांशी आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. जे मरण घरात निमूट होत होते, ते आता रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचून वाचण्याची मागणी करते आहे. वाढलेल्या आकड्यांकडे पाहून हळहळणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता पुण्याकडे येऊ. ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले आणि १८६७ मध्ये सुरू झाले. तेव्हाचे पुणे म्हणजे मुठेकाठच्या पेठा आणि पलीकडची लष्करी छावणी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ च्या जून महिन्याअखेर आणखी २३ गावे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे, म्हणजे मुंबई महापालिकेपेक्षाही मोठे झाले. एवढ्या पसाऱ्यात गरिबाला रात्री-अपरात्री, पैशाचा विचार न करता, मेंदूच्या दुखापतीपासून विषबाधेपर्यंत काहीही घेऊन जाता येईल असे सरकारी ठिकाण आजही मुख्यतः एकच आहे, आणि ते स्टेशनजवळ आहे. महापालिकेची आपली रुग्णालये आहेत. मंगळवार पेठेतले कमला नेहरू, येरवड्याचे राजीव गांधी, शिवाजीनगरचे दळवी, साथीच्या आजारांचे नायडू ही नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांची घडण प्रसूती, लसीकरण आणि बाह्यरुग्ण विभागाभोवती झाली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडने आकाराने लहान असूनही यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय साडेसातशे खाटांचे उभे केले. पुणे महापालिका मात्र पिढ्यान्‌पिढ्या ‘ससून आहे की’ या समजुतीवर निर्धास्त राहिली. महापालिकेने स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय काढले ते थेट २०२२ च्या सुमाराला. हा आळस नव्हता, राज्य सरकारचे मोठे रुग्णालय आयते शहरात असल्याची ती सवय होती. शहर चौफेर वाढले आणि तातडीच्या सेवेचे ठिकाण जागचे हलले नाही, एवढी एक गोष्ट कॅज्युअल्टीतल्या गर्दीचे बरेचसे स्पष्टीकरण देऊन जाते.

पण बरेचसेच. उरलेल्यासाठी सिंहगड रस्त्याला जावे लागेल.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या पट्ट्यातली माणसे विचित्र तक्रारी घेऊन रुग्णालयांत येऊ लागली. पायांना मुंग्या, मग जिना चढता न येणे, मग हात उचलता न येणे, आणि काहींना श्वासही घेता न येणे. गिया-बारे सिंड्रोम हा एरवी एखाद्या मोठ्या रुग्णालयात महिन्याला एखाद-दुसरा दिसणारा आजार. शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या जंतूशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. बहुतेक जण बरे होतात, पण मधले काही आठवडे काहींना व्हेंटिलेटरवर काढावे लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांचा खर्च लाखांत जातो. पाहता पाहता संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा पोटाच्या संसर्गाचा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे वळले, नांदेड गावच्या विहिरीकडे आणि खासगी टँकरांकडे.

आपत्कालीन सेवेवरचा ताण कसा तयार होतो हे शिकवायचे असेल तर या साथीइतका चांगला धडा नाही. जे व्हेंटिलेटर अडले, ज्या आयसीयूत खाट मिळेना, जे नातेवाईक इंजेक्शनांसाठी धावले, त्या साऱ्याचे मूळ पिण्याच्या पाण्यात होते. गावे महापालिकेत आली, इमारती मजल्यावर मजला चढत गेल्या, पण शुद्धीकरण होऊन येणारे पाणी मागे राहिले. जलशुद्धीकरण केंद्राच्या अंदाजपत्रकाला आरोग्याचा खर्च कुणी म्हणत नाही. तो पाणीपुरवठा विभागाचा. आणि व्हेंटिलेटरचा खर्च आरोग्य विभागाचा, नाहीतर थेट घरच्यांचा. दोन खाती वेगळी, दोन फायली वेगळ्या. एकीत वाचवलेले दुसरीत दामदुपटीने जाते, आणि हा हिशेब एका टेबलावर कधीच येत नाही.

पाण्याच्या गोष्टीत कारण आणि परिणाम यांत काही दिवसांचे अंतर होते. दुसरी एक गोष्ट आहे तिच्यात चाळीस-पन्नास वर्षांचे अंतर आहे, आणि तीही पुण्यातच उलगडली.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. या मुलांचे जन्मवेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. फरक अपेक्षितच होता. अनपेक्षित हे होते की आपल्या लहानखुऱ्या बाळांत स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीयुक्त. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे शेजारी उभे असलेले छायाचित्रच छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के, पुणेकर डॉक्टरांची २१.२. वैद्यकाच्या इतिहासात एवढ्या कमी जागेत एवढे सांगणारी चित्रे थोडी असतील.

आता त्या चित्राचा कॅज्युअल्टीशी संबंध पाहा. आईच्या पोटातल्या टंचाईला तोंड द्यायला तयार झालेले शरीर मोठेपणी हिंजवडीच्या खुर्चीत दहा तास बसते, रात्री अकराला जेवते, आणि पस्तिशीत त्याला मधुमेह होतो. तो अंगावर काढला की पंचेचाळिशीत छातीत कळ येते. या माणसाचे पोट सुटलेले नसते, त्यामुळे त्याला स्वतःला शंका येत नाही, घरच्यांना येत नाही आणि पुष्कळदा पहिल्या डॉक्टरलाही येत नाही. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असल्या तर कळही नीट येत नाही. नुसता घाम, नुसते गळून गेल्यासारखे वाटणे. मूत्रपिंडाचेही तेच. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली की डायलिसिस लागते, आणि एखाद्या सुट्टीपायी किंवा पैशापायी डायलिसिसची एक पाळी चुकली की फुप्फुसांत पाणी भरून माणूस पहाटे धापा टाकत दारात येतो. तपासणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने ही पाच मिनिटांत उद्भवलेली आणीबाणी. खरे तर ती वर्षानुवर्षे तयार होत आली होती.

मध्ये कुणीतरी तिला अडवायला हवे होते. ते कोण करत असे?

पेठांमधला फॅमिली डॉक्टर हे काम करी. त्याच्याविषयी हळवे होऊन लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला त्याच्या मायेपेक्षा त्याच्या उपयोगात रस आहे. तो चाळणी होता. रात्री साडेअकराला वाड्यातून पोरगा सायकलवर यायचा, डॉक्टर बॅग घेऊन निघायचे, पोट दाबून पाहायचे आणि दोनपैकी एक वाक्य बोलायचे. ‘काही नाही, सकाळी दवाखान्यात या.’ किंवा ‘आत्ताच्या आत्ता न्या, मी चिठ्ठी देतो.’ पहिल्या वाक्याने रुग्णालयातली एक खाट वाचायची, दुसऱ्याने एक जीव. ही दोन वाक्ये बोलण्याचा अधिकार त्याला पदवीने जेवढा मिळाला होता त्याहून अधिक वीस वर्षांच्या ओळखीने मिळाला होता. या बाईंचा दमा कार्तिकात उफाळतो, या गृहस्थांचे वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले, हे त्याला कागद न बघता ठाऊक असे.

आज एमबीबीएस झालेल्या मुलाला कोथरूडमध्ये गाळा घेऊन जनरल प्रॅक्टिस करणे परवडत नाही, आणि तसे करणे म्हणजे पदव्युत्तर प्रवेश न मिळाल्याची खूण असे त्याच्या घरचेच मानतात. तो एमडी करतो, मग डीएम करतो, आणि शेवटी एका अवयवाचा डॉक्टर होतो. त्याची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची. जे जनरल प्रॅक्टिशनर उरलेत त्यातले पुष्कळसे साठीच्या पुढचे आहेत, रात्री फोन घेत नाहीत, आणि त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. हल्ली रात्री घरी जाऊन तपासायचे म्हणजे काही बरेवाईट झाल्यास पोलिसचौकी आणि ग्राहक मंच यांची तयारी ठेवून जायचे.

सरकारी बाजूला महापालिकेचे दवाखाने मुख्यतः सकाळचे. राज्य सरकारने १ मे २०२३ पासून तालुक्या-तालुक्यात ‘आपला दवाखाना’ काढला, त्याची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवली. कामावरून सुटलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून कुणीतरी वेळ ठरवली हे आपल्याकडे इतके दुर्मीळ आहे की नोंदवून ठेवतो. तरी रात्री दहा ते सकाळी नऊ हे अकरा तास उरतातच. त्या अकरा तासांत शहरात डॉक्टर असलेला उघडा दरवाजा म्हणजे रुग्णालयाची कॅज्युअल्टी. रविवारी तर दिवसभर तोच.

आणि आता शहरात अशा माणसांची संख्या फार मोठी आहे ज्यांचा मुळात कुणी डॉक्टरच नाही. लातूर-नांदेडहून आलेला, वाकडला तिघांत फ्लॅट घेऊन राहणारा मुलगा. चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागलेला बिहारी कामगार. वाघोलीच्या नव्या टॉवरमध्ये तान्ह्या बाळाला घेऊन एकटी राहणारी बाई, जिची आई अमरावतीला आहे. बाळाला रात्री ताप चढला तर ‘अंग पुसून काढ, सकाळी बघू’ असे सांगायला घरात मोठे माणूस नाही. ही तातडी वैद्यकीय जेवढी आहे तेवढीच एकटेपणाची आहे. दुसऱ्या टोकाला कोथरूड, सहकारनगर, प्रभात रस्ता. मुले न्यू जर्सीत नाहीतर मेलबर्नला, आणि सत्तरी-ऐंशीतले दोघे इथे. आजोबा न्हाणीघरात घसरले तर आजींना ते उचलत नाहीत. त्या १०८ लावतात, कारण उचलायला दुसरे कुणी नाही. आधार देऊन खुर्चीत बसवले असते तर भागले असते असे प्रसंगही मग रुग्णालयाच्या वाटेने जातात.

यात विमा आपली भर घालतो. मेडिक्लेमच्या बहुतेक पॉलिसी डॉक्टरची फी आणि बाहेरच्या तपासण्या देत नाहीत. चोवीस तास ॲडमिट झालात तर देतात. डेंग्यूच्या मोसमात प्लेटलेट एक लाखाच्या खाली आल्याचा कागद हातात पडला की घरातला शहाणा माणूस हिशेब करतो. घरी राहून रोज रक्त तपासायचे तर पैसे आपल्या खिशातून, ॲडमिट झालो तर कंपनीकडून. मग सगळे कॅज्युअल्टीच्या दाराने आत शिरतात. माणूस लबाड असतो म्हणून हे होत नाही. नियमच असा केला आहे की शहाणपणाने वागणाऱ्यानेही खाटच अडवावी.

कोविडने आणखी एक सवय लावली. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि नायडूत दाखल झाले. तिथून पुढची दोन वर्षे या शहराने खाटांच्या डॅशबोर्डवर डोळे लावून काढली. शिवाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर जंबो रुग्णालय उभे राहिले, आणि ते सुरू होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते तोच एका तरुण वृत्तवाहिनी-पत्रकाराचा तिथे मृत्यू झाला. त्याला दुसरीकडे हलवायला कार्डिॲक रुग्णवाहिका वेळेत मिळाली नव्हती. ही भीती लोकांच्या हाडांत उतरली आहे. घरोघरी ऑक्सिमीटर आले, मग मनगटावर ठोके मोजणारी घड्याळे आली. थंडगार बोटात बसवलेला ऑक्सिमीटर रात्री एकला ९१ दाखवतो आणि सारे घर उठून बसते.

अशा रुग्णांना ‘अनावश्यक गर्दी’ म्हणायची रीत डॉक्टरांत आहे, आणि पेपरांत तिचे भाषांतर ‘किरकोळ आजारांसाठी रुग्णांची धाव’ असे होते. मला हा शब्दप्रयोग मान्य नाही. छातीतले दुखणे ॲसिडिटीचे की हृदयाचे हे ठरवायला खुद्द डॉक्टरला ईसीजी लागतो, रक्तातले ट्रोपोनिन लागते, पुष्कळदा काही तासांनी ते पुन्हा तपासावे लागते. जे यंत्राशिवाय तज्ज्ञाला कळत नाही ते रुग्णाने घरी बसून ओळखावे अशी अपेक्षा करायची, आणि चुकला की त्याच्यावर हसायचे, हा काय न्याय? शिवाय याच शहरात याच्या उलट माणसे तितकीच आहेत. ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पिऊन पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालणारी. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, तरी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणारी. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावे लागते. त्यानंतर आलेल्याला वॉर्डात खाट मिळते, पण गेलेला हात परत मिळेलच असे नाही. लवकर येणारे आणि उशिरा येणारे, दोघांनाही मधे विचारायला कुणी नव्हते, म्हणून ते चुकले. दोन्ही चुकांचा भार एकाच टेबलावर पडतो.

रस्त्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथे आले. दहा किलोमीटरला सरासरी तेहेतीस मिनिटांहून जास्त. नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड गाडीने डझनांनी वाहने ठोकरली, आणि अशा एका रात्रीत जवळपासच्या सगळ्या कॅज्युअल्टी एकदम भरतात. मात्र रोजचा भार उतारावरच्या ट्रकचा नसतो. तो दुचाकीचा असतो, आणि दुचाकीच्या अपघातात न्यूरोसर्जनला रात्री उठवायचे ते डोक्यासाठी. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी हेल्मेटसक्ती राबवायला घेतली, तेव्हा या विद्वानांच्या नगरीत तिच्याविरुद्ध कृती समिती होती आणि मोर्चा निघाला. यावर मी काही बोलत नाही.

बाहेरून येणारा लोंढा हा वेगळाच अध्याय. अहिल्यानगर, सोलापूर, सातारा, बीड या पट्ट्यात कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात अवघड केस आली की कागदावर एक ओळ उतरते: ‘पुढील उपचारांसाठी पुणे येथे संदर्भित’. कधी ती योग्यच असते. कधी सोनोग्राफी आहे पण डॉक्टर नाही, भूल देणारा आठवड्यातून दोनदा येतो, रक्तपेढी चाळीस किलोमीटरवर, म्हणून असते. कीटकनाशक प्यालेला, भाजलेली, साप चावलेला, असे रुग्ण मग तीन-चार तास रस्त्यात घालवून येतात. हे टाळता येते. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण तालुक्याच्या पातळीवरच बरे करून दाखवत आले आहेत. विषावरचा उतारा सगळीकडे तोच मिळतो, तो आत्मविश्वासाने वापरणारा माणूस तिथे आहे.

आणखी एक प्रवास आहे, तो उलट दिशेचा. खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत सातव्या-आठव्या दिवशी दागिने संपतात, मामांनी दिलेले संपतात, आणि मग नातेवाईक सही करून रुग्णाला ससूनला हलवतात. ‘पैसे संपले की ससून’ हे वाक्य पुण्यात कुणाला शिकवावे लागत नाही. असा रुग्ण कॅज्युअल्टीच्या वहीत ‘नवा’ म्हणून चढतो. तो नवा मुळीच नसतो. दुसऱ्या कुणीतरी अर्धवट सोडलेल्या उपचारांचा तो उरलेला भाग असतो, आणि पहिल्या दिवशी आला असता त्याहून त्याची प्रकृती बिकट असते.

सरकारी कॅज्युअल्टीला नाही म्हणता येत नाही. कायद्याने तर कुणालाच म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सांगितले की जखमीला वाचवणे आधी, पोलिसांचे कागद नंतर. १९९६ मध्ये, रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला कलकत्त्यात एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवले गेले त्या खटल्यात, तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणे असे ठरवले. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांवर तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखण्याचे बंधन आहे, आणि तातडीचा रुग्ण अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. तरी २०२५ च्या एप्रिलमध्ये एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून सारे पुणे खवळले, आणि महापालिकेला व धर्मादाय आयुक्तालयाला हाच नियम नव्याने बजावून सांगावा लागला. आधीपासून असलेला नियम नव्याने सांगावा लागतो तेव्हा तो मधल्या काळात किती पाळला जात होता, हे वाचकाने ताडावे.

आपल्याकडचेच हे दुखणे नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक नागरिकाला नेमून दिलेला जनरल प्रॅक्टिशनर आहे, उपचार फुकट आहेत, आणि तरी तिथले आपत्कालीन विभाग ओसंडत आहेत. ९५ टक्के रुग्णांचा निकाल चार तासांत लावायचा हे इंग्लंडचे उद्दिष्ट २०१५ नंतर देशपातळीवर गाठले गेलेले नाही. तिथल्या अभ्यासकांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे, ती इथे फार कुणी बोलत नाही. दारातली गर्दी पुष्कळदा आत येणाऱ्यांमुळे होत नाही, बाहेर न जाणाऱ्यांमुळे होते. वॉर्डातली खाट रिकामी झाली नाही तर कॅज्युअल्टीतला रुग्ण वर जात नाही, आणि तो वर गेला नाही तर रुग्णवाहिकेतला रुग्ण खाली उतरत नाही.

ब्रिटनमध्ये खाट अडते ती घरी सांभाळणारे कुणी नेमेपर्यंत. ससूनमध्ये काय होते? पोलिसांनी स्टेशनच्या फलाटावरून, कुठल्या पुलाखालून उचलून आणलेला माणूस बरा होतो, पण त्याला नाव-गाव सांगता येत नाही. कुणाला घरचे दाखल करून निघून जातात आणि केसपेपरवरचा फोन लागत नाही. कुणाचा पाय कापावा लागतो, जखम भरते, पण तो ज्या पत्र्याच्या खोलीत राहत होता तिथे कुबड्या घेऊन चढता येत नाही. यांना उपचारांची गरज उरलेली नसते. त्यांना हवी असते ती ठेवून घेणारी एखादी जागा, आणि अशा जागा शहरात थोड्या संस्थांकडे आहेत, त्यांच्याही खाटा भरलेल्या. समाजसेवा अधीक्षक फोन करत राहतात. तोवर खालच्या मजल्यावर एक निवासी डॉक्टर स्ट्रेचरवरच्या रुग्णाला तिथेच सलाईन लावतो आणि नातेवाइकांना सांगतो, ‘वर बेड नाहीये, झाला की लगेच शिफ्ट करतो.’ ते त्याच्या अंगावर धावून जातात. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० मध्ये कायदा केला, पण रागावलेल्या नातेवाइकाला वरच्या मजल्यावरची ती अडलेली खाट दिसत नसते, समोरचा पंचवीस वर्षांचा मुलगा दिसतो.

पुढच्या प्रकरणांत तक्ते आहेत, आलेख आहेत. ते वाचताना ‘किती रुग्ण आले’ या रकान्याशेजारी एक रकाना नाही हे लक्षात येईल, कारण तो आपल्याकडे नेमाने भरलाच जात नाही. येण्याआधी हा माणूस कुठे कुठे जाऊन आला, आणि बरा झाल्यावर तो कुठे गेला.